काकांचा डावा पाय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी काकांचेच सांगेन. ते माझे सख्खे काका नव्हेत. दिल्लीत मी नोकरीला लागलो तेव्हाचे ते माझे सेक्शन ऑफिसर. मूळचे साताऱ्याकडचे, पण वडिलांच्या बदलीमुळे शाळेपासून दिल्लीतच वाढलेले. नाव छापू नकोस, एवढी एकच अट त्यांनी हे लिहिताना घातली, म्हणून मीही नुसतं काका लिहितो. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचो. ऑफिस सुटलं की काका.

मला इथे माझ्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे. पण सायकल चालवताना मी काय घालत होतो आणि ते वर्षावर्षाला कसं बदलत गेलं, हे सांगितल्याशिवाय ती चूक नीट कळणार नाही.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील तालुक्याच्या गावी एका कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून शिवणकाम करायचे. परीक्षा पास होऊन मला थेट दिल्लीतलं मंत्रालय मिळालं, तेव्हा त्यांनी दुकानदाराकडून टेरिकॉट घेऊन मला चार पँटी शिवून दिल्या. मोहरी जरा रुंद ठेवली, म्हणाले, ऑफिसात बसायचंय, ऐसपैस असू दे. त्या पँटी घेऊन मी मुनिरक्याला चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आलो. खोलीत खिडकी नव्हती, त्यामुळे सकाळ झाल्याचं कळायचं नाही. आणि उठलो तरी बसमध्ये शिरता यायचं नाही. पहिल्या महिन्यात मी तीनदा उशिरा पोचलो.

तिसऱ्या वेळी काकांनी बोलावलं. मला वाटलं आता मेमो मिळणार. प्रोबेशनवर होतो.

"सायकल येते ना?" त्यांनी विचारलं.

"येते सर. शाळेत सायकलनेच जायचो."

"मग संध्याकाळी घरी ये. जिन्याखाली एक पडलीय."

आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरखाली एक काळी, उंच सायकल जुन्या चादरीखाली उभी होती. तीच मी पुढची सहा वर्षं चालवली. पहिल्या रविवारी काका स्कूटरवर माझ्यामागून आले आणि रिंगरोडवर भर रस्त्यात ओरडून मला शिकवत राहिले. "डावीकडे चिकटू नकोस. बस दाबेल. मधे राहा, दिसत राहा." घरी आल्यावर काकूंनी पोहे दिले. त्या म्हणाल्या, "ह्यांचा आवाज सेक्टर बारापर्यंत आला असेल."

पहिल्याच आठवड्यात पँटची रुंद मोहरी साखळीत अडकली आणि ग्रीस लागून फाटली. ती पँट मी ऑफिसात फाइलने झाकत फिरत होतो. काकांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून स्टीलची एक अर्धगोल क्लिप काढून दिली, घोट्याला लावायची. "तुझ्या वडिलांनी एवढं मन लावून शिवलंय. साखळीला खायला घालू नकोस." एक इस्त्रीचा शर्ट ऑफिसच्या कपाटात कायम ठेवायचा हेही त्यांनीच सांगितलं. जानेवारीत धुक्यात छाती गारठायला लागली, तेव्हा स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायला शिकवलं. वारा आत येत नाही. "इंग्रजी पेपर घाल," ते म्हणाले, "पानं जास्त असतात." मंकी कॅप, आत पेपर, घोट्याला क्लिप, पायात वहाणा आणि त्यात मोजे. माझा सायकलचा पोशाख म्हणजे एवढाच.

नंतर बढतीची परीक्षा पास झालो. तिचा अभ्यासही काकांनीच करून घेतला होता, रोज लंच अवरमध्ये, माझे मसुदे लाल शाईने खोडून. लग्न झालं. गिअरची सायकल घेतली. तिच्याबरोबर हेल्मेट आलं. हेल्मेट घालून पहिल्यांदा मुनिरक्याच्या गल्लीतून निघालो तर चहावाला म्हणाला, "भाईसाब, क्रिकेट खेलने जा रहे हो?" महिनाभर मी हेल्मेट हँडलला अडकवून न्यायचो आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर डोक्यावर चढवायचो. रविवारी पहाटे सायकल चालवणाऱ्या एका ग्रुपमध्ये जाऊ लागलो. तिथे सगळे चट्टेरीपट्टेरी जर्सीत. माझ्या टी-शर्टला मागे खिसे नव्हते, केळं कुठे ठेवायचं कळायचं नाही. मग जर्सी आली. मग पॅडवाली शॉर्ट. ती आतल्या कपड्यांवर घालायची नसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. साठ किलोमीटरनंतर चालता येईना. वरून मी ट्रॅक पँट चढवायचो, कारण एवढ्या घट्ट कपड्यात गल्लीतून जायची हिंमत नव्हती.

काकांनी ती शॉर्ट हातात घेऊन मागचं पॅड दाबून पाहिलं होतं. "हे काय, उशी शिवलीय?"

"पॅड आहे काका. लांब जाताना लागतं."

"माझी तीस वर्षं सरकारी खुर्चीत गेली. तेव्हा कुणी सांगितलं नाही."

सगळ्यात शेवटी आले क्लीटवाले बूट. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बुटाच्या तळव्याला लोखंडाचा छोटा तुकडा असतो. पेडलमध्ये स्प्रिंगचा खटका असतो. पाय ठेवून दाबला की खट्‌ करून बूट पेडलला अडकतो. मग पाय घसरत नाही आणि वर खेचतानाही जोर लागतो. काढताना टाच बाहेरच्या बाजूला झटकायची, की बूट सुटतो. थांबण्याआधी सोडवायचं विसरलं तर माणूस उभ्या सायकलसकट आडवा होतो. नवीन माणूस दोनतीनदा पडतोच. मीही पडलो, एकदा इंडिया गेटजवळ, शाळेच्या सहलीसमोर.

त्या पेडलला एक बारीक स्क्रू असतो. खटका किती घट्ट धरून ठेवायचा ते त्या स्क्रूने ठरतं. जोरात स्प्रिंट मारताना माझा डावा पाय निसटायचा, म्हणून मी एका वर्षी डाव्या पेडलचा स्क्रू शेवटपर्यंत कसला होता. उजव्याचा तसाच राहू दिला. त्या घट्टपणाची माझ्या पायाला सवय होऊन गेली. इतकी की ते कसलेलं आहे हेही मी विसरलो.

काका निवृत्त झाले आणि दिल्लीतल्याच द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दोन वर्षांनी आम्हीही तिथेच दोन सेक्टर सोडून भाड्याने घर घेतलं. त्यांचा मुलगा बेंगळुरूला. मला बघून त्यांना पुन्हा सायकलची इच्छा झाली. त्यांनी नवी सायकल घेतली, मी त्यांना हेल्मेट आणि पिवळी जर्सी आणून दिली. पासष्टाव्या वर्षी जर्सी घालताना ते आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. काकू म्हणाल्या, "हळदीला बसल्यासारखे दिसताय." पण त्यानंतर दर रविवारी सहा वाजता ते खाली तयार असायचे, माझ्या आधी.

कधीकधी आम्ही माझ्या गाडीमागे सायकली बांधून उत्तर दिल्लीतल्या रिजच्या टेकडीवर जायचो. तिथला हिंदूरावचा चढ त्यांच्या मनात बसला होता. दर वेळी अर्ध्यावर उभं राहून पेडल मारताना त्यांचा पाय घसरायचा आणि त्यांना उतरावं लागायचं.

"हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरहून आलेला मराठा सरदार, आपलाच माणूस," ते म्हणाले. "त्याच्या नावाच्या टेकाडावर मी सायकल ढकलत जातोय. बरं दिसतं का?"

"काका, क्लीट लावा. पाय घसरणारच नाही."

मी त्याच सुमारास नवी पेडलं घेतली होती. जुनी घरात होती, बूटही होते, आणि आमच्या दोघांच्या पायाचं माप एक. शनिवारी संध्याकाळी मी ती पेडलं त्यांच्या सायकलला बसवली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला धरून ते पाय अडकवायचे, सोडवायचे. उजवा पाय सहज निघत होता. डावा निघायला दोनतीन झटके लागत होते.

"डावा जरा घट्ट आहे रे," ते म्हणाले.

"सवय होईल काका. टाच जोरात झटका."

हे मी बोललो. माझ्या खिशात तेव्हा अॅलन चावी होती, पेडलं बसवायलाच आणलेली. खाली वाकून स्क्रू चार खटके सैल करायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मला सुचलंच नाही. शिकवण्याच्या नादात होतो. इतकी वर्षं ते मला शिकवत आले होते आणि आता मी त्यांना काही शिकवत होतो, ह्याचा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच सेक्टरच्या चौकात सिग्नल लाल झाला. मी त्यांच्या मागे होतो. त्यांनी ब्रेक दाबला, वेग बरोबर कमी केला, डावा पाय फुटपाथकडे टेकवायला टाच झटकली. बूट निघाला नाही. पुन्हा झटकली. तोवर सायकल थांबली होती. ते डाव्या बाजूला सरळ कोसळले, हात पुढे न करता, झाड पडावं तसे. मागून येणारी ई-रिक्शा माझ्या चाकाजवळ येऊन थांबली. तिच्यामागे बस होती, तिचा हॉर्न वाजत राहिला.

मी धावत गेलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाय अजून पेडललाच अडकलेला आणि सायकल त्यांच्या मांडीवर. मी बूट सोडवायचा प्रयत्न केला तर तो सुटेना. दोन्ही हातांनी पिळला तरी सुटेना, आणि पिळताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी विसरू शकत नाही. शेवटी बुटाचे पट्टे काढले आणि पाय बाहेर घेतला. बूट तसाच पेडलला लटकत राहिला. ई-रिक्शावाल्याने सायकल बाजूला ओढली. "अंकलजी को हिलाओ मत," तो म्हणाला, आणि बससमोर जाऊन हात आडवे करून उभा राहिला, अँब्युलन्स येईपर्यंत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डोक्याला काही झालं नाही, हेल्मेट मात्र एका बाजूने चिरलं होतं. त्याच दिवशी दुपारी ऑपरेशन ठरलं. काकू आल्या तेव्हा काका स्ट्रेचरवर होते.

"पडलात कसे?" काकूंनी विचारलं. विचारलं त्यांना, पण पाहत माझ्याकडे होत्या.

"उभ्या सायकलवरून," काका म्हणाले. "चालत्या सायकलवरून पडलो असतो तर सांगायला जरा बरं वाटलं असतं." मग म्हणाले, "माझंच चुकलं. डावा पाय वेळेवर निघाला नाही."

मी तिथेच होतो. दोन हातांवर. तोंड उघडलं आणि म्हणालो, "होतं असं काका. मीही तीनदा पडलोय." ते खरं होतं, पण त्या वेळी ते सांगायला नको होतं.

काकांची सायकल मी माझ्या घरी आणून बाल्कनीत लावली. आठ दिवस तो बूट पेडलला तसाच होता. एका सकाळी कपडे वाळत घालताना माझी बायको म्हणाली, "तो बूट काढत का नाहीस? मला बघवत नाही." मी दोन्ही हातांनी जोर लावून तो काढला. मग अॅलन चावी घेऊन डाव्या पेडलचा स्क्रू फिरवला. आणखी घट्ट व्हायला जागाच नव्हती. सैल करत गेलो. प्रत्येक खटक्याला कट्‌ असा आवाज येतो. तेरा वेळा आला. उजव्याचा स्क्रू चौथ्या खटक्यालाच पूर्ण सैल झाला.

संशय मला चौकातच आला होता, तो बूट हाताला सुटेना तेव्हाच. आता संशय राहिला नाही.

तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण ऑपरेशन चांगलं झालं, काका घरी आले, आणि मी मनाशी म्हटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार. हाड तर जोडलं जातंय.

हाड जोडलं गेलं. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी वॉकर घेऊन चालायला सांगितलं. म्हणाले, ह्या दोनतीन महिन्यांत जेवढी हालचाल परत येईल तेवढीच पुढे टिकेल, बसून राहिलात तर सांधा धरेल. काका बसून राहिले. बाथरूमपर्यंत जायचे, तेही भिंत धरून. फिजिओथेरपीसाठी येणारी मुलगी म्हणायची, अंकल, पायात पूर्ण ताकद आहे. ते मान हलवायचे आणि ती गेली की पलंगावर पडून राहायचे. सेक्शनमध्ये आमची प्रत्येक फाइल वेळेवर हलवणारा हा माणूस दिवसभर पंख्याकडे बघत पडलेला असायचा.

एकदा काकूंनी मला लिफ्टपर्यंत सोडायला येऊन सांगितलं. "त्यांच्या डोक्यात काय बसलंय माहितेय? लकवा. सासऱ्यांना झाला होता. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, आधी डावा पाय वेळेवर उचलेना. हे तेव्हा दहावीत होते, सगळं त्यांच्यासमोर झालं. आता म्हणतात, उजवा पाय बरोबर निघत होता, डावाच का अडकला? मेंदूचा स्कॅन केला, काही निघालं नाही. तरी म्हणतात, सुरुवातीला दिसत नाही."

लिफ्ट आली आणि निघून गेली.

"तू समजाव ना त्यांना," काकू म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात."

मी हो म्हणालो. माझ्याच हाताने कसलेल्या स्क्रूमुळे तो माणूस स्वतःच्या वडिलांचा आजार स्वतःच्या पायात शोधत होता, आणि डॉक्टरांनी दिलेले आठवडे एकेक करून जात होते.

त्यानंतर मी सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता. दुसऱ्यांदा काकूंनी शिरा केला होता आणि मी तो खाल्ला. ज्यांच्या घरचा शिरा खातोय त्यांना हे कसं सांगायचं, असं वाटलं. तिसऱ्यांदा मी ठरवूनच गेलो, खिशात ती चावी घेऊन. काकांनी पलंगाशेजारी एक पिशवी काढून ठेवली होती. तिच्यात पिवळी जर्सी होती, धुवून, इस्त्री करून. खाली हातमोजे, पॅडवाली शॉर्ट, चष्मा.

"हे कुणातरी तरुणाला दे," ते म्हणाले. "सायकल पण तुझ्याकडेच राहू दे. विकून टाक नाहीतर."

"काका, तुमच्या पायाला काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस?" मग हसून म्हणाले, "अरे, बिल्कुल वाईट वाटून घेऊ नकोस. दोन वर्षं मजा केली ना. पायापर्यंत निरोप पोचत नाही आता. जुनं ऑफिस आहे, डाक उशिरा फिरते."

त्या क्षणी सांगायचं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

मला भीती कशाची होती ते लिहितो. ते ओरडतील ह्याची नव्हती. ते माझ्यावर आधी पुष्कळदा ओरडले आहेत. ते गप्प राहतील, काकू उठून आत जातील, आणि दिल्लीत ज्या एका घरात मी न विचारता फ्रिज उघडतो ते घर राहणार नाही, ह्याची होती. मी ज्या गावाहून आलो तिथे कुणाला मसुदा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला जे येतं त्यातलं निम्मं ह्या माणसाने शिकवलेलं. त्याला मीच पाडलं.

बायकोला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. पिशवी दाखवली. स्क्रूचे तेरा खटके सांगितले, पार्किंगमधलं माझं वाक्यही सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून तिने ऐकलं.

"आणि हे तू अडीच महिने पोटात ठेवलंस?"

"ते रागावतील."

"मग रागावू देत ना. चालतील तरी."

मी म्हटलं, समोर गेलो की बोलता येत नाही. ती म्हणाली, "मग लिही. पण हाताने द्यायला जाऊ नकोस. तू परत घेऊन येशील."

तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं, आणि पाचवं पाकिटात घालून लंच अवरमध्ये पोस्टात गेलो. स्पीड पोस्टच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पत्ते पाहिले.

"दोनों द्वारका? दो सेक्टर छोड़के?"

"जी."

"पैदल दे आइए. दस मिनट का रास्ता है."

"नहीं मॅडम, डाक से ही जाएगा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि पावती दिली. ते पत्र असं होतं.

काका,

हे पत्र आधी एकटे वाचा, मग काकूंना द्या. त्यांच्यापासून काही लपवायचं नाही.

तुमचा डावा पाय त्या दिवशी वेळेवर हलला होता. मी मागे होतो, मी पाहिलं आहे. तुम्ही टाच दोनदा झटकली. बूट निघाला नाही कारण डाव्या पेडलचा स्क्रू शेवटपर्यंत कसलेला होता. तो मी कसला होता, काही वर्षांपूर्वी, माझ्या स्वतःच्या पायासाठी. तुमच्या सायकलला पेडलं बसवताना तो सैल करायला हवा होता. मी केला नाही. विसरलो. उजवा स्क्रू सैल होता म्हणून तुमचा उजवा पाय निघत होता. डाव्या आणि उजव्यात फरक होता तो पेडलांचा, तुमच्या पायांचा नव्हे.

तुम्ही मला शनिवारी सांगितलंही होतं की डावा घट्ट आहे. मी म्हणालो, सवय होईल. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पायाला जाणवलं ते तुम्ही लगेच बोललात. म्हणजे निरोप पोचत होता. ऐकलं नाही ते मी.

पडल्यावर मी तुमचा बूट दोन्ही हातांनी सोडवू शकलो नाही. मी चाळीस वर्षांचा आहे आणि दोन्ही हातांनी ओढत होतो. पाहिजे तर सायकल घेऊन येतो, पेडल पुन्हा तसंच कसून देतो, तुमच्या मुलाला, डॉक्टरांना, कुणालाही हाताने बूट काढून बघायला सांगा.

हे मला ऑपरेशनच्या नवव्या दिवसापासून नक्की माहीत आहे. मी बोललो नाही, कारण तुम्ही मला घरात घेणार नाही असं वाटलं. ह्याला दुसरं कारण नाही, आणि हे कारण पुरेसं नाही हेही मला कळतं. ह्या काळात तुम्ही तुमच्या वडिलांच्या आजाराचा विचार करत पडून राहिलात. ते दिवस मी तुम्हाला परत देऊ शकत नाही. काकूंची मी वेगळी माफी मागेन, त्यांनी मागू दिली तर.

मला तुमच्याकडून क्षमेचं पत्र नको आहे. तुम्ही रागावलात तर ते बरोबरच आहे, आणि कितीही दिवस रागावून राहिलात तरी चालेल. पण डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले थोडेच आठवडे आता उरलेत. माझ्यावरचा राग वेगळा ठेवा आणि पाय वेगळा ठेवा. पायाचा ह्यात काहीही दोष नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी तुमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर बसलेला असेन. वर येणार नाही, बेल वाजवणार नाही. तुम्ही वॉकर घेऊन लिफ्टमधून उतरा, गेटपर्यंत या आणि परत जा. माझ्याशी बोलायची गरज नाही. माझ्याकडे बघायचीही गरज नाही. ह्या रविवारी नाही आलात तर पुढच्या रविवारीही मी तिथेच असेन.

पिशवीतले कपडे मी कुणाला दिलेले नाहीत.